रंकाळ्यात पडली चावी, आता काय? बोटिंगला निघण्याआधीपासून सिम परत चालू होईपर्यंतचा क्रम

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर बोटिंग चालू असेल त्या रविवारी संध्याकाळी धक्क्याजवळ थोडा वेळ उभं राहा. खिसे चाचपत पाण्याकडं बघणारा एखादा माणूस बहुतेक दिसतोच. ओळखीतल्या सात-आठ जणांनी मला हाच प्रसंग सांगितलाय आणि प्रत्येकाची चूक जवळपास एकच होती: करायचं ते सगळं केलं, पण उलट्या क्रमानं. आधी बोट वळवली, मग आठवायला लागले की नेमकं कुठं पडलं. आधी गाळ ढवळला, मग गळ शोधायला गेले. फोन हाती लागल्यावर पहिलं काम काय, तर बटण दाबून बघितलं. नाही लागला त्यांनी घरी येऊन आधी नवा फोन घेतला आणि मग कळलं की ओटीपी यायला अजून एक दिवस आहे.

पुढचा क्रम रंकाळा डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर गेलात किंवा एखाद्या धरणाच्या पाण्यावर गेलात तरी क्रम हाच. खोली जास्त असेल तिथं फक्त सहावा टप्पा जवळजवळ सोडून द्यायचा.

टप्पा १. घरातून निघताना

विहिरीत पडलेली घागर निघते, कारण विहिरीचा घेर ठरलेला असतो. तळ्याला तसला घेर नाही. म्हणून पहिलं काम वजाबाकीचं. बोटीत काय न्यायचं नाही, ते घरीच ठरवा.

पाकिटातून मूळ कागदपत्रं काढून ठेवा. लायसन्स आणि गाडीचं आरसी डिजिलॉकरमध्ये घेतलेलं असेल तर ते तपासणीला चालतं, मूळ कार्ड खिशात बाळगायची गरज नाही. दोन एटीएम कार्डं असतील तर एक घरी. घराच्या, गाडीच्या आणि कपाटाच्या चाव्या एकाच जुडग्यात असतील तर ते जुडगं सोडवा आणि फक्त गाडीची चावी घ्या. दुसरी चावी घरात कुठं आहे ते घरातल्या एकाला तरी माहीत हवं. ‘आहे कुठंतरी ड्रॉवरमध्ये’ हे उत्तर धरू नका. उठून बघून या.

दागिन्यांचं वेगळं सांगतो. पाहुणे आले की फोटोसाठी साज, ठुशी, मोहनमाळ घालून रंकाळ्यावर जायची आपल्याकडं हौस असते. घाला, पण धक्क्यापर्यंत. साज आणि ठुशीचा सगळा भार ओवलेल्या दोऱ्यावर असतो, आणि दोरा तुटायच्या आधी मानेच्या बाजूला, गोंड्याजवळ, झिजून केसाळ दिसायला लागतो. तसा दिसला तर पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्याकडून, पटवून घेतल्याशिवाय तो दागिना बोटीत नको. लाइफ जॅकेटचा पट्टा नेमका तिथंच घासतो. अंगठी पाण्यात हात घातल्यावर सैल होते, कारण गार पाण्यानं बोट आकसतं. घरी घट्ट वाटते म्हणून भरवसा ठेवू नका.

आता कागदावर लिहायच्या दोन गोष्टी. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसेल, दोन सिमच्या फोनला दोन दिसतील. दोन्ही लिहून घ्या. शेजारी घरच्यांपैकी तिघांचे नंबर लिहा. फोन गेल्यावर दुसऱ्याचा फोन हातात येतो, आणि तेव्हा लक्षात येतं की बायकोचा नंबरही पाठ नाही. हा कागद बोटीत न येणाऱ्या माणसाकडं किंवा गाडीच्या डिकीत ठेवा. शंभराच्या दोन-तीन नोटाही तिथंच. फोन गेला की यूपीआयही गेलं, आणि रिक्षावाल्याला काय सांगणार?

सावध: फोनच्या कव्हरमागं एटीएम कार्ड किंवा आधार कार्ड खोचायची सवय असेल तर ती निदान त्या दिवसापुरती मोडा. एका पडण्यात दोन्ही जातात.

टप्पा २. बादलीची परीक्षा

बाजारात ‘तरंगणारं’ म्हणून विकलं जाणारं सगळं तरंगत नाही. घरच्या बादलीतच खरं-खोटं कळतं.

फोनचं पाऊच घ्या. आत फोनऐवजी टिश्यू पेपर घाला, तोंड नीट बंद करा, वर वाटी ठेवून पाऊच अर्धा तास पाण्याखाली दाबून ठेवा. टिश्यूला ओल लागली तर पाऊच फेकून द्या. चिकटवून दुरुस्त करत बसू नका. कोरडा निघाला तर दुसरी परीक्षा तरंगण्याची. साधारण २०० ग्रॅमचा फोन बुडाल्यावर शंभर मिलिलिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतो, म्हणजे उरलेल्या शंभरेक ग्रॅमला उचलायला पाऊचमध्ये तेवढी हवा लागते. एक-दीड कटिंग चहाचा ग्लास भरेल एवढी समजा. फोटो चांगला यावा म्हणून लोक पाऊचमधली हवा दाबून काढतात आणि तिथंच ते बुडणारं होतं. हवा ठेवून बंद करा, आणि फोनच्या वजनाची दुसरी कुठली तरी वस्तू, म्हणजे जुना मेलेला फोन वगैरे, आत घालून बघा.

चावीचं गणित याहून फसवं. ६० ग्रॅमचं जुडगं धातूचं असल्यानं पाण्यात त्याचं वजन फारसं कमी होत नाही, पन्नासच्या वरच राहतं. चार सेंटिमीटरचा कॉर्कचा गोळा २५ ग्रॅमच्या आसपास उचलतो. म्हणजे एक गोळा पुरत नाही, दोनही जेमतेम पुरतात. जुडगं सोडवायला सांगितलं ते यासाठीही. एकट्या चावीला एक गोळा बहुतेक पुरतो, पण बादलीत टाकून बघाच.

आणखी एक स्वस्तातली युक्ती. चावीच्या कडीत लोखंडी नट अडकवा. पुष्कळ चाव्या पितळेच्या असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही, आणि तळाशी गेल्यावर चुंबक फिरवून उपयोग होत नाही. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, जुडग्यातला एक तरी तुकडा पक्का चिकटला पाहिजे. मात्र नट हलका घ्या. त्यानं वजन वाढून कॉर्क बुडाला तर एवढं करून काय उपयोग?

तपासा: नट अडकवल्यानंतर जुडगं परत एकदा बादलीत टाका.

चष्म्याला मागून दोरी हवी, आणि ती दोरी कानाजवळच्या दांड्यावर घट्ट बसली पाहिजे. प्लॅस्टिकच्या काचेचा हलका चष्माही बुडतोच.

टप्पा ३. चढताना आणि उतरताना

ऐकलेल्या प्रसंगांतले निम्म्याहून जास्त प्रसंग बोट सुटायच्या आधीचे किंवा धक्क्याला लागल्यानंतरचे होते. एक पाय धक्क्यावर, एक बोटीत, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं पोराला धरलंय, आणि वरून कोणीतरी ओरडतंय, ‘इकडं बघ की, फोटो काढतोय!’

धक्क्यावर हात रिकामे करा. शर्टाच्या वरच्या खिशात काहीही नको. वाकलं की तो खिसा उलटा होतो, आणि लाइफ जॅकेट आतून दाबून त्यातली वस्तू वर ढकलतं. पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट पेडल बोटीत बसताना मागं सरकतं, कारण पाय पुढं ताणून पेडल मारायचं असतं. चेन असलेला खिसा किंवा चेन असलेली छोटी पिशवी, एवढ्या दोनच जागा धरा.

जॅकेट आधी, सामान नंतर. जॅकेटचे पट्टे लागल्यावर पाऊचची दोरी जॅकेटच्या पट्ट्याला अडकवा. बोटीला बांधू नका. बोट कलली तर बोटीची वस्तू बोटीबरोबर जाते, तुमच्या अंगावरची तुमच्याबरोबर तरंगते. लहान मुलांच्या गळ्यात कसलीही दोरी घालू नका, ती अडकून फास बसू शकतो. आणि परत आल्यावर जॅकेट देताना पाऊच सोडवून घ्या. हसू नका, माझ्या मेव्हण्याची चावी तळ्यात कधीच पडली नाही. ती जॅकेटला लटकून दुसऱ्याच कुटुंबाबरोबर वीस मिनिटं फिरून आली.

कोल्हापुरी पायात असेल तर काढून पिशवीत घाला. ओल्या फायबरवर चामड्याचा तळ घसरतो. शिवाय बोटीच्या कडेला पाय सोडून बसलं की अंगठ्यातून निसटून पाण्यात पडणाऱ्या वस्तूंत तिचा नंबर वरचा असेल. मागं पट्टा असलेली सँडल सगळ्यात बरी.

टप्पा ४. बोटीत

फोन काढायचा तर बोट थांबवून. पाऊचची दोरी मनगटाला एक वेढा देऊन घ्या, आणि हात बोटीच्या आत ठेवून फोटो काढा. सेल्फीसाठी हात कडेबाहेर ताणायचा, ही चूक तर सगळेच करतात. फोन एकानं दुसऱ्याच्या हातात देताना घेणाऱ्यानं ‘धरला’ म्हटल्यावरच सोडायचा. माझा स्वतःचा फोन असाच गेला, दोघांनाही वाटलं दुसऱ्यानं धरलाय. भेळ बोटीत नको. चिंचेच्या पाण्यानं आणि फरसाणाच्या तेलानं माखलेली बोटं आणि काचेची पाठ असलेला फोन यांचं जमत नाही.

दुपारनंतर वारा सुटला तर टोपी आणि ओढणी सांभाळा. उडालेली टोपी धरायला उठणारा माणूस टोपीपेक्षा लवकर पाण्यात जातो.

टप्पा ५. पडली! पहिलं मिनिट

हा टप्पा नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

सर्वांत आधी: कोणी उठायचं नाही, कोणी उडी मारायची नाही. दोघं एकदम एकाच बाजूला वाकले तर छोटी पेडल बोट तेवढ्यानं कलते. तुम्हाला पोहता येत असेल, तरीही नाही. रंकाळ्यात पाणी गढूळ असतं आणि काही भागात जलपर्णी आणि शेवाळ असतं. तळ खाणीसारखा उंचसखल आहे. हाताशी काही दिसत नाही आणि पायाला काय लागेल ते माहीत नाही. वीस हजारांच्या फोनसाठी ही किंमत नाही.

मग पुढची कामं याच क्रमानं करा.

एक, पेडल थांबवा, पण बोट वळवू नका. वळवली की दिशा चुकते आणि सगळा अंदाज जातो.

दोन, वस्तू तरंगतेय का बघा. पाकीट, चामड्याची चप्पल, टोपी काही वेळ वर राहतात आणि पाणी पिऊन मग बुडतात. तरंगत असेल तर एकानं फक्त तिच्याकडं बोट दाखवत राहायचं, डोळा काढायचा नाही. दुसऱ्यानं हळू बोट तिच्याजवळ न्यायची.

तीन, बुडाली असेल तर काठाच्या दोन रेघा धरा. काठावर एकामागे एक दिसणाऱ्या दोन स्थिर वस्तू शोधा. उदाहरणार्थ, शालिनी पॅलेसचा मनोरा आणि त्याच्या बरोबर पुढं येणारं एखादं झाड. ती झाली एक रेघ. मग मान साधारण काटकोनात वळवून दुसऱ्या काठावर तशीच जोडी शोधा: दिव्याचा खांब आणि त्यामागची इमारत, किंवा संध्यामठ आणि त्यामागची गच्चीवरची टाकी. दोन रेघा जिथं छेदतात तिथं तुमची वस्तू. मोठ्यानं म्हणा, म्हणजे दुसऱ्याच्याही डोक्यात राहील. माणसं, हातगाड्या, लावलेल्या गाड्या खुणेला घेऊ नका. अर्ध्या तासानं त्या तिथं नसतात.

‘टॉवरच्या समोर पडलं’ ही खूण नाही. टॉवर तळ्यातल्या अर्ध्या जागांवरून समोरच दिसतो. नेहमीची चूक म्हणजे एकच वस्तू धरणं. एका वस्तूनं दिशा कळते, जागा कळत नाही. दोन जोड्या लागतात.

चार, दुसऱ्या कोणाचा फोन असेल तर नकाशा उघडून तिथंच जागा साठवा. मोकळ्या आकाशाखालीही ती काही मीटर इकडंतिकडं दाखवते, म्हणून रेघांना पर्याय म्हणून वापरू नका, जोडीला वापरा.

पाच, पाण्यावर खूण सोडता आली तर उत्तम. अर्ध्या लिटरची रिकामी, घट्ट झाकणाची पाण्याची बाटली घ्या. तिच्या मानेला दहा मीटर सुतळी बांधून ती बाटलीभोवती गुंडाळा आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला चार-पाच मोठे नट बांधा. पाण्यात टाकली की वजन खाली जातं, बाटली गरगर फिरत सुतळी सोडते आणि वजन तळाला टेकलं की फिरायची थांबते. घरी वीस मिनिटांत तयार होते, पिशवीत सहज मावते. पण टाकायच्या आधी बोटवाल्याला विचारा आणि काम झालं की काढून घ्या. सोडून दिलेली सुतळी मोटरबोटीच्या पंख्यात जाते.

सहा, आता बोटवाल्याला हाक मारा. ‘मामा, फोन पडला’ एवढंच न सांगता काय पडलं, कुठल्या दोन रेघांवर आणि किती वाजता, हे सांगा.

तपासा: दोन्ही जोड्या तुमच्याबरोबरच्या माणसाला तुमच्या मदतीशिवाय सांगता येतात का? येत नसतील तर परत बघा, बोट अजून तिथंच आहे.

टप्पा ६. शोधायचं की सोडायचं

धक्क्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात पडलं असेल तर शोधायला अर्थ आहे. सुदैवानं पुष्कळदा पडतंही तिथंच. मध्यावर पडलं असेल आणि वस्तू सोन्याची नसेल, तर थेट आठव्या टप्प्यावर जा. सोनं असेल तर पाणबुडी करणाऱ्या अनुभवी माणसांची गोष्ट आहे. तेही तळ्याच्या व्यवस्थापनाची परवानगी घेऊन, उजेडात, काठावर दोरी धरलेला माणूस ठेवून. पैसे आधी ठरवा: वस्तू सापडली तर किती आणि नाही सापडली तर किती.

उथळ पाण्यातला नियम एकच: गाळ ढवळू नका. पायानं चाचपायला पाण्यात उतरणं ही सगळ्यात महागाची चूक. चावी गाळावर पडलेली असते, पाय पडला की ती गाळात जाते. आधीच कोणी उतरलं असेल तर पाणी निवळेपर्यंत थांबा.

साधन वस्तूप्रमाणं. पट्टा असलेली पिशवी किंवा पर्स असेल तर विहिरीतून घागर काढायचा गळ घ्या. गावाकडं अजून एखाद्या घरी असतोच. तो फेकायचा नाही. सरळ खाली सोडून तळाला टेकला की अगदी सावकाश एका दिशेनं ओढायचा. चावीला दोरीला बांधलेलं जोरदार चुंबक, तेही नट अडकवलेला असेल तर. फोनला आणि चष्म्याला लांब दांड्याची बारीक जाळी. सोनं, चांदी, पितळ, ॲल्युमिनियम यांना चुंबक लागत नाही, तिथं जाळीच.

जागेवर आल्यावर वाटेल तिथं जाळी मारू नका. सुतळीच्या खुणेपासून सुरू करून बाहेर बाहेर वेढे घ्या, प्रत्येक वेढा आधीच्याला थोडा चिकटून. जड वस्तू सरळ खाली जाते. पाकीट, चष्मा अशा चपट्या वस्तू पाण्यात डुलत जातात, त्यांच्यासाठी घेर जास्त ठेवा.

सावध: जोरदार चुंबक हृदयाचा पेसमेकर असलेल्या माणसाजवळ, एटीएम कार्डांजवळ किंवा काट्याच्या घड्याळाजवळ नेऊ नका.

अर्धा तास नीट शोधून नाही मिळालं तर थांबा. अंधार पडायला लागला तर अर्धा तासही नको.

टप्पा ७. सापडली तर

फोन: चालू असेल तर बंद करा. बंद असेल तर चालू करून बघू नका. चार्जर तर अजिबात लावायचा नाही. सिमचा ट्रे काढा, फोन पोर्ट खाली करून हळू झटका, मऊ सुती कापडानं पुसा. पाणीरोधक फोन असेल तर वरचा गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, कारण पाणीरोधकतेची परीक्षा स्वच्छ गोड्या पाण्यात झालेली असते, तळ्यातल्या गाळात नव्हे. तांदळाच्या डब्यात ठेवायचं हे सगळ्यांना माहीत असलेलं चुकीचं उत्तर. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, त्याची पूड मात्र पोर्टमध्ये जाते. हेअर ड्रायरही नको. पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडं न्या. सुकून चालू झाला तरी न्या, आतला गंज नंतर त्रास देतो. पाठ फुगलेली दिसली तर तो घरात ठेवू नका, बॅटरी पेट घेऊ शकते.

गाडीची रिमोट चावी: उघडून आतली बटणासारखी बॅटरी काढा, स्वच्छ पाण्यात एकदा बुडवा, दोन दिवस सावलीत सुकवा, नवी बॅटरी घाला. चावीतली चिप बॅटरीशिवायही ओळखली जाते अशा गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून रिमोट मेला तरी चावी फेकू नका.

कॅमेरा: बॅटरी आणि मेमरी कार्ड काढा. कॅमेरा गेला तरी कार्डातले फोटो बहुतेक वेळा राहतात. कार्ड पूर्ण सुकल्याशिवाय कशातही घालू नका.

श्रवणयंत्र: बॅटरीचं दार उघडून बॅटरी काढा, पुसा आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडं न्या.

नोटा: एकावर एक चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका, हलक्या पाण्याखाली सुट्या करा आणि सावलीत पसरा. इस्त्री नको. फाटल्या तर रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांनुसार बँकेच्या शाखेत बदलून मिळतात, मात्र किती रक्कम ते उरलेल्या तुकड्याच्या आकारावर ठरतं.

कोल्हापुरी: सावलीत, आत कागदाचा बोळा घालून. उन्हात टाकली की चामडं ताठ होऊन चिरतं. सुकल्यावर तेलाचा हात द्या.

ठुशी, साज: दोरा आतून कुजतो. सापडला याचा आनंद आवरून आधी पटवेकरी गाठा.

टप्पा ८. नाही सापडली तर

इथं क्रम चुकला की दोन दिवस वाया जातात.

चावी गेली असेल तर गाडी सोडून सगळे घरी जाऊ नका, एक जण गाडीजवळ थांबा. घरून दुसरी चावी मागवा. लॉक तोडायचं हे शेवटचं. चावीवाल्याला बोलावताना गाडीचं आरसी डिजिलॉकरवर दाखवता येईल असं बघा. चांगला चावीवाला विचारतोच, आणि विचारत नसेल तर मला तरी शंका येते.

फोन किंवा पाकीट गेलं असेल तर पुढचं सगळं त्याच दिवशी सुरू करा.

पहिलं, बँक. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेच्या मदत क्रमांकावर एटीएम कार्ड आणि यूपीआय बंद करा. तळ्याच्या तळाशी असलेल्या फोनमधून पैसे कोण काढणार, असं वाटेल. पण तो तळाशीच राहील याची खात्री नाही, आणि पाकीट तर कधीतरी काठाला लागतंच. खात्यातून कोणी पैसे काढलेले दिसले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन.

दुसरं, पोलीस. तक्रार ‘गहाळ’ म्हणून द्या, ‘चोरी’ म्हणून नको. चोरी लिहिली की लवकर शोधतील, हा गैरसमज आहे. खोटी चोरी लिहून नंतर विम्याच्या वेळी तुम्हीच अडकता. जागा कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येते ते आधी विचारून घ्या. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्याही करता येते. अर्जात आयएमईआय, सिमचा नंबर, वेळ आणि जागा लिहा. शिक्का असलेली प्रत किंवा नोंदीची पावती जपा, पुढं तीन ठिकाणी लागते.

तिसरं, डुप्लिकेट सिम. सिम ज्याच्या नावावर, त्यानंच आधार घेऊन जायचं. बापाच्या नावावरचं सिम आणायला पोरगा जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो, हे फार होतं. नवं सिम चालू झालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. हा सुरक्षेसाठीचा नियम आहे, दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. म्हणून ओटीपी लागणारी सगळी कामं दुसऱ्या दिवसावर टाका आणि घरातल्यांकडून रोख घेऊन ठेवा.

चौथं, दुसऱ्या दिवशी फोन ब्लॉक. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर हरवलेला फोन ब्लॉक करायची सोय आहे. पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय लागतं, आणि ओटीपी त्याच डुप्लिकेट सिमवर येतो. म्हणून तर आधी सिम, आधी २४ तास. ब्लॉक झाला की तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. मिळालेला विनंती क्रमांक लिहून ठेवा. पुढं कधी फोन सापडला तर त्याशिवाय अनब्लॉक होत नाही.

पाचवं, कागदपत्रं. आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं, अडलं तर मदत क्रमांक १९४७. लायसन्सची दुसरी प्रत परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावरून, तिथं पोलीस नोंद जोडायची.

सहावं, विमा असेल तर. पॉलिसीत ‘पाण्यानं झालेलं नुकसान’ आणि ‘हरवणं’ ही दोन वेगळी कलमं असतात का, ते वाचा. पहिल्यात बहुतेकदा भिजलेला फोन दाखवावा लागतो, आणि तुमचा तर तळाशी आहे. कळवायची मुदत छोटी असते, म्हणून पॉलिसी त्याच संध्याकाळी उघडा.

आणि तिकीट खिडकीवर एक चिठ्ठी ठेवून या: वस्तू, तारीख, दोन रेघांची खूण आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर. जलपर्णी काढताना, किंवा एप्रिल-मेमध्ये काठाचं पाणी मागं सरलं की, चिखलात बऱ्याच वस्तू उघड्या पडतात. ज्याला सापडते त्याला ती कोणाची हे कळायला काहीतरी लागतं. चिठ्ठीवर वस्तूची एक ओळखखूण मात्र लिहू नका. ती विचारायला ठेवा.